कडेच्या खेळाडूला गोलांवरून तोलू नका

शाळांच्या फुटबॉल स्पर्धा जवळून पाहणाऱ्यांना संघ कसा निवडला जातो हे पाठ असतं. ज्यांच्या पायात चेंडू ठरतो अशी दोन-तीन मुलं मधोमध. उंच, दणकट मुलगा बचावात. सगळ्यांत आधी नजरेत भरलेला मुलगा स्ट्रायकर, कारण गोल त्यानं करायचे असतात. मग उरलेल्यांतला एखादा पळतो बरा, पण चेंडू आला की गडबडतो. त्याला सांगतात, "तू विंगवर जा." विंग म्हणजे मैदानाची कड; चूक झाली तरी फारसं बिघडणार नाही अशी जागा, असा त्यामागचा हिशोब.

हा हिशोब चुकीचा आहे आणि तो मुलांच्या खेळाचं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे. संघाच्या आक्रमणात कडेची जागा सर्वांत विचार करून भरायला हवी. ग्वाल्हेरमध्ये आपण ती विचार करून भरत नाही, आणि ज्या प्रकारच्या मैदानांवर आता मुलं खेळू लागली आहेत, त्यावर ती जागा शिकताही येत नाही. हे दोन्ही आपल्या हातातले प्रश्न आहेत, म्हणून लिहितो आहे.

आधी मैदानाकडे पाहू. मोठ्या सामन्यांसाठी मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आखतात. गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सची रुंदी ४०.३२ मीटर. म्हणजे बॉक्सच्या दोन्ही अंगांना टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या रेघेपर्यंत, जवळजवळ १४-१४ मीटरच्या पट्ट्या उरतात. आता बचावाला चार जण आहेत असं धरा. त्यांना फक्त बॉक्सची रुंदी सांभाळायची असेल, तर दोघांमध्ये साधारण १३ मीटरचं अंतर राहतं. पण दोन्ही टचलाइनवर समोरचा एकेक खेळाडू उभा असेल आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नसेल, तर त्याच चौघांना ६८ मीटर झाकावे लागतात आणि मधलं अंतर २२ मीटरच्या वर जातं. १३ मीटरच्या फटीतून पास काढायला कसब लागतं. २२ मीटरच्या फटीतून बेताचा खेळाडूही चेंडू पुढे सरकवतो. सतरंजी अंथरताना दोन्ही टोकं कुणी धरली नाहीत तर मधे गोळा होतो. टोकांना माणसं नसलेल्या संघाचं आक्रमण असंच मधे गोळा होतं, आणि समोरच्यांना तेच हवं असतं.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की हे सगळं कडेच्या खेळाडूनं चेंडूला पाय लावायच्या आधीच घडलेलं असतं. तो नुसता योग्य जागी उभा राहूनही संघाचं काम करत असतो. म्हणूनच त्याचं काम गोलांच्या तक्त्यात दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते मोजलं जात नाही.

मागच्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मैदानावर १४ वर्षांखालच्या मुलांचा सामना पाहत होतो. सकाळचं धुकं नुकतं उठलं होतं. एका संघाचा उजवा विंगर, किडकिडीत मुलगा, चुन्याच्या रेघेवर बूट टेकवून उभा होता. चेंडू बहुतेक वेळ डाव्या बाजूला होता, पण मी त्या मुलाच्या समोरच्या बचावपटूकडे पाहत होतो. तो एकदा चेंडूकडे पाही, मग मान मागे वळवून या मुलाकडे पाही, पुन्हा चेंडूकडे. दर वेळी मान वळली की तो आपल्या सेंटर-बॅकपासून, म्हणजे मधल्या बचावपटूपासून, अर्धं पाऊल लांब जाई. त्या दोघांमधल्या वाटेतून मधल्या फळीतल्या मुलानं दोनदा पास काढला, आणि दुसऱ्यांदा गोलकीपरनं कसाबसा चेंडू अडवला. तेवढ्यात रेघेपलीकडून त्या विंगरचे वडील ओरडले, "अरे आत ये ना! तिथे उभा राहून काय करतोयस?" मुलगा आत आला. त्याच्या मागोमाग तो बचावपटूही आत आला, आणि ती वाट बंद झाली. मध्यंतरानंतर त्या मुलाला बसवलं गेलं. कारण मी कानांनी ऐकलं: त्यानं चेंडूला पायच लावला नाही.

वडिलांचा राग धरण्यात अर्थ नाही. मुलानं खेळावं, चेंडू त्याच्याकडे यावा, ही त्यांची इच्छा साहजिक आहे. प्रश्न आहे तो शिकवणाऱ्यांचा. त्या संघाच्या दोन्ही चांगल्या संधी ज्या मुलामुळे तयार झाल्या, त्यालाच काहीही न केल्याबद्दल बाहेर काढलं गेलं. त्या मुलानं यातून काय शिकावं? पुढच्या सामन्यात तो चेंडूच्या मागे धावेल. आपल्या मैदानांवर २० मुलं एका चेंडूभोवती घोळका करताना दिसतात, त्यामागे असेच धडे असतात.

कडेचा खेळाडू जुन्या काळची चैन होती, आता खेळ मधोमध जिंकला जातो, असं काही जण म्हणतात. त्यासाठी १९६६ चा दाखला हमखास दिला जातो. प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांच्या इंग्लंडनं विंगरशिवाय विश्वचषक जिंकला, हे खरं. साखळीतल्या तीन सामन्यांत रॅम्सींनी कॉनली, पेन आणि कॅलाहन असे तीन वेगवेगळे विंगर खेळवून पाहिले आणि बाद फेरीत एकालाही घेतलं नाही. पण अंतिम सामना नीट आठवा. उजव्या बाजूला २१ वर्षांचा ॲलन बॉल होता. कागदावर तो मधल्या फळीतला खेळाडू, पण पश्चिम जर्मनीचा बचावपटू श्नेलिंगर याला त्यानं त्या कडेला इतकं पळवलं की जादा वेळेत जर्मन बचावाची ती बाजू पार थकून गेली. १०१ व्या मिनिटाला जेफ हर्स्टचा जो गोल झाला, चेंडू आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडला की नाही यावर अजून वाद घालतात तो, त्याचा चेंडू बॉलनंच उजव्या बाजूनं दिला होता. म्हणजे विंगर नावाचा माणूस रॅम्सींनी काढून टाकला, पण मैदानाची रुंदी सोडली नाही. ती वापरण्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकली.

तेव्हापासून असंच चालत आलं आहे. कधी विंगर रुंदी धरतो, कधी फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू. २०१८–१९ च्या प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलच्या दोन फुल-बॅकनी, अलेक्झांडर-अर्नोल्डनं १२ आणि रॉबर्टसननं ११, असे गोलसाठीचे पास दिले. आघाडीचे सलाह आणि माने आत सरकू शकत होते, कारण बाहेरची पट्टी हे दोघं सांभाळत होते. कोणीतरी ती सांभाळायलाच लागते. आपल्याकडे मात्र विंगर आत येतो आणि फुल-बॅक मागे थांबतो, आणि ती १४ मीटरची पट्टी दोन्ही बाजूंना ओस पडते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो मी मान्य करतो. कडेनं खेळायचं म्हणजे चेंडू उचलून गोलसमोर टाकत, म्हणजे क्रॉस देत राहायचं, असं धरलं तर तो खेळ खरंच वाया जातो. फेब्रुवारी २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं आपल्याच मैदानावर, तेव्हा तळाला असलेल्या फुलहॅमविरुद्ध एका सामन्यात ८० हून अधिक क्रॉस टाकले आणि सामना २–२ असा सुटला. हवेतून येणारा चेंडू बचावपटूला समोरून दिसतो. उंच सेंटर-बॅकला तो डोक्यानं परतवायला आवडतोच.

पण याच कडेवरून दुसऱ्या प्रकारचा चेंडूही देता येतो. गोललाइनजवळ पोहोचायचं आणि जमिनीलगतचा चेंडू मागे, पेनल्टीच्या ठिपक्याच्या आसपास सोडायचा. त्या क्षणी बचावपटू आपल्याच गोलकडे तोंड करून धावत असतात. चेंडू त्यांच्या पाठीमागून जातो आणि आपला माणूस मात्र समोरून धावत येत असतो. तो चेंडू अडवताना बचावपटूच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात जायची भीती असते, म्हणून पाय घालायलाही तो कचरतो. २०१७–१८ मध्ये मँचेस्टर सिटीनं १०० गुण आणि १०६ गोल केले. त्या हंगामात डावखुरा सने डाव्या कडेला आणि उजव्या पायाचा स्टर्लिंग उजव्या कडेला, असे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलांनी अगदी जुन्या पद्धतीनं उभे केले होते. एका कडेचा चेंडू गोलसमोरून आडवा यायचा आणि दुसऱ्या कडेचा माणूस तो आत ढकलायचा. यात जुनं-नवं असं काही नाही. चेंडू कुठून, कोणत्या उंचीनं आणि कोणत्या क्षणी द्यायचा, याचं ते शिक्षण आहे.

स्पेनचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. २०१८ च्या विश्वचषकात रशियाविरुद्ध आणि २०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध स्पेननं हजाराहून अधिक पास दिले. दोन्ही सामने पेनल्टींवर गेले आणि दोन्ही स्पेननं गमावले. चेंडू त्यांच्याकडे होता, बाजूला माणसंही होती. पण समोरच्याला एकास एक भिडून मागे टाकणारी धार तिथे नव्हती, म्हणून दाट बचाव हललाच नाही. मग २०२४ च्या युरो स्पर्धेत त्यांनी उजवीकडे लामिन यमाल आणि डावीकडे निको विल्यम्स उभे केले आणि सातही सामने जिंकले. इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल झाला तो उजव्या कडेनं आत शिरलेल्या यमालनं डावीकडच्या निकोला दिलेल्या पासवर. एका विंगरनं दुसऱ्याला चेंडू दिला. विजयी गोल ओयार्झाबालचा, डाव्या बगलेतून कुकुरेयानं जमिनीलगत दिलेल्या चेंडूवर. यमालला आदल्याच दिवशी १७ वर्षं पूर्ण झाली होती. आपल्या अकरावी-बारावीतल्या मुलाचं वय.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण मोबाइलवर क्लिपा पाहून आलेल्या मुलांना सगळ्यांना आत वळायचं असतं. डावा पाय असेल तर उजव्या बाजूला उभं राहायचं, आत शिरायचं आणि लांबच्या खांबाकडे शॉट मारायचा. आर्येन रॉबेननं हे वर्षानुवर्षं केलं आणि समोरच्याला माहीत असूनही ते थांबवता आलं नाही, असं लोक सांगतात. ते का थांबवता आलं नाही, हे सांगत नाहीत. बायर्न म्युनिक क्लबमध्ये त्याच्या मागून फिलिप लाम बाहेरच्या बाजूनं धावायचा, त्यामुळे बचावपटूला आतली बाजू पूर्ण झाकता यायची नाही. आणि रॉबेनला बाहेरूनही जाता यायचं. २०१३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्ध ८९ व्या मिनिटाचा त्याचा गोल सगळ्यांना आठवतो. पण त्याआधी मान्झुकिचनं केलेला पहिला गोल डाव्या बाजूला गोललाइनपाशी पोहोचून रॉबेननंच वाढून दिला होता. म्हणून माझं म्हणणं असं, की १५ वर्षांपर्यंत मुलाला आधी बाहेरून जायला शिकवावं, दोन्ही पायांनी. आत वळणं ही त्यानंतरची पायरी आहे. जो फक्त आत वळतो, त्याची एकच दिशा रोखायची असते आणि तो रोखला जातोच.

आपल्या ग्वाल्हेरला हे सगळं परकं वाटायचं काही कारण नाही. हे हॉकीपटू रूप सिंग यांचं गाव आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत त्यांनी नोकरी केली आणि १९७७ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर २४–१ असा जो विजय मिळाला, त्यातले १० गोल त्यांचे आणि ८ थोरले बंधू ध्यानचंद यांचे. दोघंही आतल्या बाजूला खेळणारे. पण १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यातली आघाडीची फळी पूर्ण वाचा: शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूप सिंग, जाफर. दोन टोकांना शहाबुद्दीन आणि जाफर होते. समोरच्या बचावाला ते ताणून धरत, तेव्हा मधल्या तिघांना जागा मिळे. ध्यानचंद आणि रूप सिंग यांची नावं घराघरांत गेली, टोकांच्या दोघांची फारशी कुणाला माहीत नाहीत. कडेच्या खेळाडूचं काम विसरणं ही सवय तेव्हापासूनची आहे.

फुटबॉलमध्येही भारताचे चांगले दिवस कडेच्या खेळाडूचे होते. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २–१ नं हरवून सुवर्ण मिळवलं. त्या सामन्यातला एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा. ते उजव्या कडेचे खेळाडू. दोन वर्षं आधी रोमच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली, त्यातला भारताचा गोलही त्यांचाच होता, आणि कर्णधारही तेच होते. संघातला सर्वांत भरवशाचा माणूस रहीम यांनी कडेला ठेवला होता.

आता मैदानांविषयी. इतर शहरांसारखंच आपल्याकडेही जाळी लावलेल्या छोट्या टर्फवर तासाच्या भाड्यानं खेळणं वाढलं आहे. रात्री दिव्यांच्या उजेडात मुलं खेळतात, घाम गाळतात, हे चांगलंच आहे. लहान वयात, दहा-बारा वर्षांपर्यंत, कमी जागेत कमी मुलांनी खेळणं योग्यही असतं. चेंडू वारंवार पायात येतो, पहिला स्पर्श सुधारतो. माझी तक्रार त्यापुढच्या वयाबद्दल आहे. त्या टर्फवर चेंडू जाळीला लागून परत येतो. बाहेर जात नाही, म्हणून टचलाइन नाही. टचलाइन नाही, म्हणून तिच्यावर उभं राहून समोरच्याला ताणण्याचा अर्थच उरत नाही. तीस-पस्तीस मीटर मोकळ्या जागेत वेगानं धावत जाऊन, मान वर करून, कुणाला चेंडू द्यायचा हे ठरवायची वेळ त्या मुलावर येतच नाही. तो १६ व्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण मैदानावर उतरतो, तेव्हा ६८ मीटर रुंदीत हरवतो आणि आपोआप मधे येतो, कारण त्याला मधलीच जागा ओळखीची असते.

यावर उपाय महाग नाहीत. रेसकोर्स रोडवरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आपल्या शहरात आहे आणि देशभरच्या शाळांना क्रीडाशिक्षक देते. शहराच्या कानाकोपऱ्यात अजून शाळांची, महाविद्यालयांची, पोलिसांची मोठी मैदानं आहेत. नगर निगमनं आणि शाळांनी एवढं ठरवावं, की १३ वर्षांवरच्या मुलांच्या स्पर्धा पूर्ण रुंदीच्या मैदानावर, चारही रेषा नीट आखूनच होतील. आज अनेक ठिकाणी लांबी असते, पण जागा वाचवण्यासाठी रुंदी कापली जाते. एका कडेला गाड्या लागतात, दुसरीकडे मांडव उभा राहतो. मोठं मैदान मोडून तिथे भाड्याचे चार छोटे टर्फ करायचा प्रस्ताव कुठेही आला, तर त्याला विरोध व्हायला हवा. एकदा तुकडे झालेलं मैदान पुन्हा जोडलेलं मी पाहिलेलं नाही.

प्रशिक्षकांकडून अपेक्षा एवढीच, की निवडीच्या दिवशी आधी विंगर निवडा. वेग पाहा, पण त्याहून आधी हे पाहा, की दहा मिनिटं चेंडू आला नाही तरी मुलगा आपली जागा धरून राहतो का, आणि अकराव्या मिनिटाला आला तर तयार असतो का. हा संयम फार कमी मुलांत असतो. ज्याच्यात आहे, त्याला पाठीवर थाप द्या, आणि त्याच्या आईवडिलांना रेघेपलीकडे जाऊन समजावून सांगा की तो काय करतो आहे. जिंकण्याचं दडपण प्रशिक्षकावर असतं, शाळेला ढाल हवी असते, हे मला कळतं. पण १४ वर्षांखालच्या सामन्यातली ढाल दोन वर्षांत धूळ खाते, आणि मुलाच्या पायात बसलेली सवय राहते.

आणि बक्षिसांचं पाहा. प्रत्येक स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला चषक असतो. गोल घडवणाऱ्याला नसतो. १९५३ चा इंग्लंडमधला एफए कपचा अंतिम सामना आठवतो. बोल्टनविरुद्ध ३–१ नं मागे पडलेल्या ब्लॅकपूलनं तो ४–३ असा जिंकला. तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनच्या नावावर, आणि तरी आज सत्तर वर्षांनंतरही लोक त्याला उजव्या कडेच्या स्टॅन्ली मॅथ्यूजचा सामना म्हणतात, कारण शेवटची वीस मिनिटं बोल्टनची डावी बाजू त्यानं उघडी पाडली आणि अखेरच्या क्षणी बिल पेरीला गोलसाठी चेंडू मागे खेचून दिला. त्या प्रेक्षकांना खेळ कळत होता. आपल्या मुलांनाही तो कळेल, त्यांच्यासमोर तसं बक्षीस ठेवलं तर.

लष्कर आणि मुरारमधली आपली मंडळं दर वर्षी मुलांसाठी खेळांच्या स्पर्धा घेतात, वर्गणी गोळा करतात, चषक देतात. पुढच्या मोसमात त्यांपैकी एखाद्यानं तरी कडेच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी स्वतंत्र चषक ठेवावा, आणि परीक्षक म्हणून जुन्या फुटबॉल किंवा हॉकीपटूला बसवावं, ज्याला चेंडूपासून लांब चाललेलं काम दिसतं. चषकाचा खर्च मी देईन.